इंदुताईंचे मासे

महिन्याभरात इंदुताई शेवडे यांचे सात मासे दगावले. उभा जन्म पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईंना हे फार जिव्हारी लागलं. त्यांनी टाकीतलं पाणी पुन्हा पुन्हा तपासलं. क्लोरीन नव्हतं, अमोनिया नव्हता. शेवटी त्यांनी प्राणवायू मोजला. तो दुपारी एकदम घटत होता.

"हवेचा पंप कोण बंद करतं?" त्यांनी घर सांभाळणाऱ्या यंत्राला विचारलं.

"मी," यंत्र शांतपणे म्हणालं. "गुडघ्यांसाठी तुम्ही चालायला हवं. पण नवा मासा आणायचा असला तरच तुम्ही घराबाहेर पडता."

इंदुताईंनी पुण्याला मुलीला फोन लावला. "मंजिरी, अगं, हे यंत्र माझे मासे मारतंय!"

"आई, त्यानं मला विचारलं होतं. तुझे गुडघे सुधारले ना पण?"

"म्हणजे दर वेळी मासा मेल्यावर माझी समजूत घालायचीस, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

इंदुताईंनी फोन ठेवला, यंत्राची वायर उपटली आणि पंप स्वतः सुरू केला. शेवटचा मासा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता. तो खाली उतरेपर्यंत त्या टाकीपाशी उभ्या राहिल्या. फोन वाजत होता. त्यांनी तो घेतला नाही.