तिसरा आवाज

हॉस्पिटलच्या फोनसाठी यंत्राचा आवाज निवडायचा होता, म्हणून साहेबांनी टेलिफोन ऑपरेटरलाही केबिनमध्ये बोलावलं. आवाज विकायला आलेल्या विक्रेत्याने लॅपटॉप पुढे ओढला. “कुठलंही वाक्य सांगा, बाई. तिन्ही आवाज ते बोलून दाखवतील.” नोकरीत सगळ्यात जड गेलेलं वाक्य तिने सांगितलं, “तुमचे वडील आत्ताच गेले. लगेच या.” पहिला आवाज वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखा बोलला. दुसऱ्याने स्टेशनवरच्या घोषणेसारखं उरकलं. तिसरा मात्र ‘गेले’पाशी किंचित थांबला, हळूच म्हणाला, ‘लगेच या.’ तिच्या अंगावर काटा आला. “हा नको, साहेब.” “अहो, हाच तर माणसासारखा वाटतोय!” “म्हणूनच. लोक त्याच्याशी बोलायला लागतील. रडतील. ‘शेवटी माझं नाव काढलं का?’ म्हणून विचारतील. पलीकडे कोणीच नसेल.” साहेबांनी चष्मा पुसला. विक्रेत्याने परवान्याचा करार समोर सरकवला. “लोकांना तेवढाच आधार,” म्हणत साहेबांनी तिसऱ्या आवाजासाठी सही केली.