बोस्टनच्या धड्याचा चहा

"काकू, चहाचं बघताय ना?" फळ्यावर 'बोस्टन' लिहिता लिहिताच सरनोबत सरांनी मला विचारलं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमधला हा इंग्रजीचा वर्ग. सगळ्यांचीच मुलं अमेरिकेत, म्हणून सर तिथल्या शहरांच्या गोष्टी सांगून इंग्रजी शिकवतात. गोष्ट संपली की प्रत्येकाने फळ्याजवळ जाऊन बोलायचं. नेमकं तेव्हाच आम्ही बायकांनी चहाला उठायचं. पुरुष इंग्रजी बोलतात, आम्ही आलं किसतो. मग शिकागोहून नात फोनवर काहीबाही विचारते आणि मी आपली नुसती हसते.

"आधी गोष्ट पूर्ण ऐकते, मग उठते," मी म्हणाले.

सरांनी गोष्ट रंगवून सांगितली. राज्य इंग्रजांचं. त्यांनी चहावर कर बसवला, पण तिथल्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मग ती माणसं चिडून बोटीवर चढली आणि चहाच्या पेट्या त्यांनी समुद्रात फेकल्या.

"हं, आता चहा होऊन जाऊ दे," आमचे हे म्हणाले.

मी उठले. आलं-वेलची घालून चांगला कडक चहा केला. किटली घेऊन आले, तशी सगळ्यांनी कप पुढे धरले. मी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि किटली सावकाश उपडी केली. हॉलभर आल्याचा वास पसरला.

"अगं, अख्खी किटली ओतलीस?" हे ओरडले.

"बोस्टनमध्ये पेट्याच्या पेट्या गेल्या," मी म्हणाले.

मग पदर खोचून फळ्यापाशी जाऊन उभी राहिले.

"सर, नाऊ आय स्पीक."