खडूचे गोल

नवं घर छान होतं, फक्त फोनला रेंज नव्हती. माझं शिवणकाम सगळं फोनवर चालतं, म्हणून धाकट्या दिराने चार कंपन्यांची चार सिमं आणली. "वहिनी, घरात जे चालेल ते ठेवू. बाकीची मी परत करतो."

एकेक सिम घालून आम्ही घर पालथं घातलं. कुठेच काही नाही. पण दारालगतच्या एकाच फरशीवर चारही सिमांना पूर्ण रेंज! कपड्यावर खुणा करायच्या खडूने मी तिथे गोल काढला.

दुसऱ्या दिवशी त्या गोलात काहीच नव्हतं. रेंज एक पाऊल आत आली होती. मी दुसरा गोल काढला. मग रोज एक.

सातव्या दिवशी दीर त्या गोलांच्या रांगेकडे बघतच राहिला. त्याने फोनमधलं सिम काढलं आणि फोन सातव्या गोलात धरला. पट्ट्या भरलेल्याच होत्या.

"वहिनी," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "आता कंपनी कुठली निवडायची?"

आज भर दुपारी मी मशीनवर बसले होते. शेवटचा गोल माझ्यापासून एका पावलावर. बिनसिमचा फोन समोर ठेवलेला.

एक पट्टी उमटली. मग दुसरी. मी जागची हलले नव्हते.

तिसरी उमटली, तेव्हा माझे पाय पायडलवर थांबले. घाबरायला हवं होतं, पण चौथी भरली आणि मी मांडीवरचा कपडा बाजूला ठेवून उठून उभी राहिले, घरात कुणी मोठं माणूस आल्यावर उठतात तशी.