चार्जिंगला लावलेलं घड्याळ

"काय वाट्टेल ते कर, पन आजच्या आज ह्ये चालू कर," असं म्हणत महिपतने रुमालाची गाठ सोडली आणि आतलं काळं स्मार्टवॉच काउंटरवर ठेवलं.

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर हर्षदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. महिपतची बायको ठकूबाई आत आली नाही, बाहेर पायरीवरच टेकली. आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीतून दोघं सकाळीच निघाली होती.

हर्षदने वायर बदलून पाहिली, अडॅप्टर बदलला, बाजूचं बटण बराच वेळ दाबून धरलं. पडदा काळा तो काळाच.

"कधीपासून बंद आहे, काका?"

"परवापास्नं. मी रोज सांजचा चार्जिंगला लावतो. एक दिस चुकवला नाय. परवा लावलं, तर उजेडच नाय."

"जुनं झालंय. आता नवीनच घ्या ना."

"नवीन नको. ह्येच पायजे. पोराचं हाय."

मग महिपतने अगदी साध्या आवाजात कारण सांगितलं. गेल्या श्रावणात त्याचा हृतिक महाडच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी करून येत होता. वाडीखालच्या ओढ्यावरच्या साकवावरून पाणी चाललं होतं. मोटरसायकल दोन दिवसांनी खाली गाळात सापडली, हृतिक सापडला नाही. घड्याळ त्या दिवशी घरी चार्जिंगलाच राहिलं होतं, फोन मात्र त्याच्या खिशात होता.

"त्येनंच दाखवलं व्हतं मला. फोन लांब गेला की ह्ये गप बसतं, जवळ आला की थरथरतं. तो वाडीच्या वाटंला लागला, की आमाला आधी ह्येच सांगनार. म्हनून बंद ठेवून चालायचं नाय."

महिपत काही खुळा नव्हता. वाडीत भांडण झालं तर लोक त्याच्याच ओटीवर यायचे. या एका गोष्टीत मात्र त्याला कुणी काही म्हणायला धजत नसे, आणि जे सगळ्या वाडीला जमलं नाही ते या परक्या पोराला कुठून जमणार! हर्षदने मान खाली घातली, घड्याळ उलटं केलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

मागच्या दोन पिनांपैकी एक पार झिजून गेली होती. दुसरीवर हिरवट थर चढला होता. भोवतीच्या खाचेत काहीतरी लाल-पिवळं घट्ट बसलं होतं. हर्षदने ब्रशने थोडं खरवडलं आणि बोटावर घेऊन पाहिलं.

"काका, यात हळदकुंकू कसं गेलं? आणि हे पांढरं, दूध सुकल्यासारखं?"

"कुंकू?" महिपतला कळेना. "घड्याळात कसलं कुंकू?"

त्याने बाहेर पाहिलं. ठकूबाईने पदर तोंडाला लावला होता. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"मी घालते त्येला आंघोळ," ती म्हणाली. "तुमी सकाळचं गुरं घेऊन गेलाव की. मंग पुसून परत जाग्यावर ठेवते."

"आंघोळ? कुठं?"

"देवात. टाकांच्या शेजारी."

घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, देवांबरोबर त्यालाही दुधापाण्याने आंघोळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, ही त्यांच्या घरातली रीत. टाक करायला सोनाराकडे जायचं तर नवऱ्याला सांगावं लागलं असतं. घड्याळ घरातच होतं.

हर्षद आपल्या धंद्याचं बोलू लागला.

"नुसत्या पाण्याने एवढं झालं नसतं. आत ओल राहिली आणि तसंच रोज चार्जिंगला लागलं, त्यामुळे पिना खाल्ल्या गेल्या. आतही पाणी गेलंय. आता नाही व्हायचं हे चालू."

त्याचं बोलणं दोघांपैकी कुणी ऐकत नव्हतं. महिपत दुकानातून बाहेर आला आणि बायकोसमोर उभा राहिला. आता हा बाजारात हिच्यावर हात उगारतो की काय, असं वाटून हर्षद काउंटरमागून उठला.

"कदीपास्नं गो?"

"दिवाळीपास्नं."

"मला बोलली नायस."

"कशी बोलू? रोज राती त्येचं ताट वाढायला सांगताव. तुमी वाट बघताव, आन् मी..."

महिपत तिच्या शेजारी पायरीवर बसला. महाबळेश्वरकडे जाणारी गाडी स्टँडातून निघाली, रस्ता ओलांडणारी माणसं थांबली, पुन्हा चालू लागली. तो आपल्या पायांकडे बघत होता. पोर गेलं हे या बाईने कधीच ओळखलं होतं, आणि नवऱ्यापायी तोंडातून शब्द काढला नव्हता. पोराच्या दुःखाइतकंच हे दुःखही त्याला आता लागलं.

"म्हंजे इतकं म्हैनं तू एकलीच रडत व्हतीस?"

"रडले कुटं?" ठकूबाई म्हणाली. "डोळं सुजलेलं दिसलं असतं तुमाला."

"मंग आता रड," महिपत म्हणाला, आणि तिच्या आधी तोच रडायला लागला.