आधी पासवर्ड

"आधी पासवर्ड टाईप करून दाखवा."

नवे साहेब थबकले. त्यांचं बोट लॅपटॉपच्या कोपऱ्यावर होतं. बोट टेकवलं की उघडतो, पाच वर्षं असाच उघडतोय, आणि ही कॉम्प्युटर विभागातली बाई म्हणते टाईप करून दाखवा!

बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. ऑफिसात त्या आधीताई. आधी चार्जर लावा. आधी फाइली कुठे ठेवल्यात ते दाखवा. समोरचा कितीही घाईत येवो, त्यांच्या टेबलाशी घाईला बसायला खुर्ची नव्हती. लोक त्यांच्या नकला करायचे. पण एकवीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाची एक फाइल हरवली नाही, हेही तेच लोक सांगायचे. बाई म्हणजे बाई होती!

आज मात्र त्यांचा हात दगडाखाली होता. साहेब आले होते तेच माणसं कमी करायला. बाहेरची एक कंपनी ही सगळी कामं लांबून, फोनवरून करून द्यायला तयार होती. आधीताईंना ठेवायचं की काढायचं, हे साहेबांनी संध्याकाळपर्यंत वर कळवायचं होतं. त्यांचा ऑफिसचा लॅपटॉप अजून यायचा होता, म्हणून घरचाच कंपनीच्या डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्याला, जोडून हवा होता. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"बाहेरचे लोक हे सात मिनिटांत करतात."

"करत असतील," आधीताई म्हणाल्या. "मला पासवर्ड लागेल."

"अहो, बोटानं उघडतोय की!"

"डोमेनला जोडला की कंपनीच्या नावाचं नवं खातं उघडतं. तुमचं घरचं सगळं जुन्या खात्यात राहतं आणि तिथं मग बोट चालत नाही. किल्ली खिशात आहे का, हे बघितल्याशिवाय मी कुणाचं दार ओढून घेत नाही."

साहेबांनी तीन पासवर्ड टाकून बघितले. तिन्ही चुकले. वीस मिनिटं होऊन गेली. शेजारच्या टेबलावरची मुलगी डोळ्यांनी विनवत होती, ताई, द्या ना जोडून एकदाचा! नोकरी जायची वेळ आली तरी माणसानं इतका हट्ट धरावा? धरला बाईंनी.

"पासवर्ड कुणी घालून दिला होता?" आधीताईंनी विचारलं.

"मुलीनं. शाळेत होती तेव्हा."

"मग तिला विचारा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोन वर्षं आमचं बोलणं नाही," ते हळूच म्हणाले. "तिच्या कुठल्याच कार्यक्रमाला मी वेळेवर पोचलो नाही. शेवटी तिनं बोलवायचंच सोडलं."

आधीताई उठल्या, शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही खुणेनं उठवलं. "आधी फोन करा. मी बाहेर थांबते."

"घड्याळ चालू आहे, बाई."

"चालू दे की," म्हणत त्यांनी बाहेरून दार लावून घेतलं.

फोन लगेच उचलला गेला. "बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

दोन वर्षांनी बोलायची संधी मिळाली आणि हा गृहस्थ काय बोलला? म्हणाला, "लॅपटॉपचा पासवर्ड काय गं?"

पलीकडून बारीक आवाजात, "अजून तोच आहे?"

"तोच."

"इंग्रजी अक्षरांत, सगळं सलग लिहा. बाबा कधी येणार."

साहेबांनी एकेक अक्षर शोधून टाईप केलं. लॅपटॉप उघडला. त्यांना तो धड दिसत नव्हता. "येतो," ते म्हणाले. "आज येऊ का?" मग खोलीत कितीतरी वेळ बोलणं चाललं होतं. आधीताई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवत होत्या.

दुपारी लॅपटॉप जोडून झाला. जोडायला खरोखरच सात मिनिटं लागली.

पाच वाजता साहेब मुलीकडे जायला निघाले. निघण्याआधी त्यांनी आधीताईंबद्दलचं मत वर कळवलं. एकच ओळ होती.

"हे काम लांबून होत नाही."