भजनाच्या कॅसेटवर गिटार

नातीनं असा गाढवपणा करावा, याचा रतनबाईला संताप आला होता. नगरच्या कॉलेजात शिकणाऱ्या रेश्मानं परदेशी गिटारवाल्यांचा अख्खा अल्बम आजोबांच्या भजनाच्या कॅसेटवर भरला होता. कुणी पुसू नये म्हणून रतनबाईनं कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा स्वतः मोडून ठेवलेला. पोरीनं त्या भोकात कागद कोंबून कॅसेट पुन्हा भरण्याजोगी केली. वारलेल्या नवऱ्याचा, सहादेवचा आवाज तेवढ्या एका कॅसेटवरच उरला होता.

"आजी, एकदा ऐक तरी. लई भारी वाजवत्यात," रेश्मा रडत म्हणाली.

"लाव. बघू दे, कुनापायी माझा मानूस पुसलास."

भर दुपारी पडवीत गिटार घुमू लागली. तिसऱ्या गाण्यात गोरा गायक थांबला, आणि त्याच ठेक्यावर सहादेवनं भजन उचललं. मात्रा कुठं चुकली नाही.

रेश्माचं रडणं जागीच थांबलं. "काल हे यात नव्हतं, आजी."

भजन संपलं. टेपमधून सहादेव खाकरला. "रतन, पोरीला किती रडवशील?"

रतनबाईनं कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"रेश्मे, तुझं चुकलंच," ती म्हणाली. "पर ही गोरी पोरं गुनी हायेत. म्हाताऱ्याला बसायला जागा दिली त्यांनी."