धुतलेलं यीस्ट

"नुसती बरणी तर द्यायचीय, एवढं तोंड कशाला वाकडं करतेस?" ताई ओट्याला टेकून म्हणाली.

"कुठे काय," म्हणत धाकटीने फ्रिज उघडला.

बरणीत यीस्ट होतं. बिअर बाटल्यांत भरून झाली की पिंपाच्या तळाला गाळ उरतो. लोक तो सरळ मोरीत ओततात. धाकटी उकळून गार केलेल्या पाण्यात तो घुसळायची, काळपट घाण खाली बसू द्यायची आणि वरचं सायीसारखं यीस्ट अलगद काढून घ्यायची. पुढची बिअर त्याच्यावरच आंबवायची. कंबर मोडायची हिची, आणि मिरवायची ती. घरगुती बिअरच्या स्पर्धेत ढाल घेताना ताईने माइकवर ठणकावून सांगितलं होतं, "सगळं माझ्या एकटीच्या हातचं!" आणि धाकटीचा नवरा शेजारी बसून टाळ्या पिटत होता.

आता कोपऱ्यावरच्या बारवाल्याने ताईलाच बोलावलं होतं. बिअर पसंत पडली, तर कायम त्याच्याकडे विकली जाणार.

म्हणून या बरणीत धाकटीने उघडी राहून आंबलेली बिअर मिसळली होती. दिसायला काही फरक नाही, पण या यीस्टची बिअर तोंडात धरवणार नव्हती. ताईला काय कळणार? गाळाला हात कधी लावला होता तिने? चांगली बरणी धाकटीने भाजीच्या कप्प्यात, पालेभाजीखाली दडवली होती. तिची स्वतःची बिअर त्यातून होणार होती.

"ताईंना रिकाम्या हाताने पाठवू नकोस," नवरा बाहेरून ओरडला.

"नाही हो, भरून देतेय!"

ताई हसली. "चाखायच्या दिवशी तूही ये हं."

"येणार तर! चुकवते होय?"

त्या दिवशी धाकटी पिशवीत आपल्या दोन बाटल्या घेऊनच गेली. ताई तोंडावर आपटली की लगेच पुढे करायच्या.

ताईने भरून दिलेल्या ग्लासातून बारवाल्याने घोट घेतला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला. "बिअर मागितली होती, व्हिनेगर नाही! कोणी केली ही?"

धाकटीचा हात पिशवीत गेला.

ताईने तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "माझ्या या बहिणीने, साहेब. आधी माझी दे, म्हणून हट्टच धरला. मन मोडवेना हो."

"बाई, तुमची बिअर घेऊन पुन्हा माझ्या दारात दिसू नका."

"अहो, पण ही..." धाकटीने बाटली बाहेर काढली. तो बघायलाही तयार नव्हता.

ताईने पायाशी ठेवलेली पेटी उचलून काउंटरवर ठेवली. "आता माझी बघा."

बारवाल्याने घोट घेतला. मग ग्लास संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"झाकण काढल्याबरोबर वास आला मला," ताई धाकटीच्या कानाशी पुटपुटली. "चांगली बरणी कुठे आहे, ते मग तुझ्या नवऱ्यालाच विचारलं. अर्धी काढून स्वतः घरी आणून दिली त्याने. बराच वेळ थांबला होता."